दिगूचा धवला

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. चारूला नाही, आणि दिगूला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. हे काही फार शौर्याचं कारण नाही, ठाऊक आहे मला. पण कुठून तरी सुरुवात करायला हवी ना?

आधी अल्बमबद्दल सांगतो. बघा, लगेच पळवाट काढली. पण अल्बम सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही — आणि खरं सांगू? त्या अल्बमबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं. इतक्या वर्षांनंतरही अंगावर काटा येतो.

आमचा बँड होता, नाव 'खाजण'. भरतीचं पाणी शिरतं त्या खाऱ्या दलदलीला आमच्याकडे खाजण म्हणतात. पेणहून धरमतरच्या बाजूला निघालात की रस्त्याच्या कडेने तेच दिसत राहतं. बँड कसला, आम्ही तिघंच. मी गिटार वाजवायचो आणि गायचो. गायक मीच, हे लक्षात असू द्या. चारू मेंडोलिन वाजवायची. ती शाळेपासूनची मैत्रीण, पेणचीच, आमच्यात सुरांचं कळणारी तीच एक. आणि दिगू — ढोलकीवाला. ढोलकी नसेल तर हाताला लागेल ते वाजवायचा. डबे, पिंप, एकदा तर चारूच्या स्कूटरची सीट. खाडीकाठच्या गावचा आगरी पोरगा, रोह्याजवळ एका कंपनीत शिफ्टला. रात्रपाळी करून सकाळच्या गाडीने पेणला उतरायचा आणि डोळे चोळत आमच्यात येऊन बसायचा. एकदाही कुरकूर नाही. नुकतंच लग्न झालेलं, घरी तान्ही पोर, तरी यायचा.

आम्हाला सायकेडेलिक अल्बम करायचा होता, तोही सगळा साध्या वाद्यांवर, विजेवर चालणारं एकही नाही. 'सायकेडेलिक' हा शब्द चारूच्या काकांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "सायकल? सायकलवर गाणी करताय?" झालं, तेव्हापासून पेणमध्ये आमचं नाव 'सायकलवाले' पडलं. आता त्यांना समजावणार तरी काय? मी म्हणायचो, काका, असं संगीत की ऐकताना खोलीच्या भिंती लांब जातात आणि वेळ कुठे गेला ते कळत नाही. काका म्हणायचे, तसं तर मला जेवण झाल्यावर रोजच होतं.

पण जागा त्यांनीच दिली. त्यांचा गणपतीचा कारखाना होता. मागच्या अंगाला एक लांबलचक शेड, तिथे साच्यातून काढलेल्या मूर्ती वाळायला ठेवायचे. बांबूच्या मांडण्यांवर जमिनीपासून छपरापर्यंत पांढरे, रंग न लावलेले गणपती. काकांची अट एकच होती. मूर्तीचे डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. आखणी होईपर्यंत तो माल, आखणी झाली की तो गणपती. तेव्हा कच्च्या मालाच्या शेडमध्ये काय वाट्टेल ते करा, पण आखणी झालेल्या मूर्तींसमोर तुमची सायकल चालवायची नाही, असं त्यांनी बजावलं होतं.

आमचा दिवस मंगळवार. मंगळवारी आमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जायची. रंगाचे कॉम्प्रेसर बंद, पंखे बंद, आजूबाजूच्या कारखान्यांतले टेप बंद, आणि कामगार पुढच्या पडवीत उजेडाला जाऊन बसलेले. एरवी पेणमध्ये इतकी शांतता कुठे मिळणार? लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, दोन माइक लावायचे. चारू दारात उभी राहून हॉर्न वाजवणाऱ्या टेम्पोवाल्यांना हात जोडायची.

पहिल्याच मंगळवारी मी गिटारची खालची तार छेडली आणि तिघंही दचकलो. तार थांबली तरी सूर थांबेना. मांडण्यांमधून एक घूं असा आवाज येत होता — हळू, पण सगळीकडून. चारू उठली आणि मूर्तींना कान लावत हिंडू लागली. मग तिच्या लक्षात आलं. मूर्ती आतून पोकळ, बुडाला भोक, आणि खाली बांबूच्या पट्ट्यांतून हवा मोकळी. वाळलेल्या मूर्ती गात होत्या! ओल्या मुक्या होत्या. लहान मूर्तींचा सूर वेगळा, मोठ्यांचा वेगळा. आपण बरोबर सूर लावला तर एक अख्खी ओळ जागी व्हायची.

मी देवभोळा माणूस नाही. पण शेकडो डोळे नसलेले गणपती तुमच्या सुराला हुंकार देतात तेव्हा काय वाटतं, ते कसं सांगू? त्या दिवशी आम्ही काहीच रेकॉर्ड केलं नाही. नुसते बसलो आणि एक एक सूर सोडून ऐकत राहिलो. दिगू एकदाच बोलला — "आयला, हे तं ऐकतान आपलं."

तेव्हापासून अल्बम म्हणजे ती खोलीच झाली. गिटार, मेंडोलिन, ढोलकी, आणि मागे ती गुंज. फक्त एक गाणं अडलं होतं. त्यात वाद्यं नव्हती, फक्त माणसाचा आवाज आणि मूर्ती. ते गाणं माझं. मी मंगळवारमागून मंगळवार गात होतो आणि मूर्ती माझ्याशी बोलत नव्हत्या. सूर बरोबर लागायचा, चारू मान डोलवायची, पण खोली गप्प. माझा आवाज बरा होता हो. बरा आवाज असणं किती वाईट असतं, ते बऱ्या आवाजाच्या माणसालाच कळेल.

मग तो मंगळवार आला. शेड गच्च भरलेली, सगळा माल खडखडीत वाळलेला. दुसऱ्या दिवसापासून रंगाला जाणार होता. मी गाऊन गाऊन वैतागलो आणि हेडफोन कानावर ठेवूनच भिंतीला टेकलो. चारू काकांना विचारायला पुढे गेली होती, आणखी काही दिवस माल ठेवता येईल का म्हणून. शेडमध्ये मी आणि दिगू, दोघंच. दिगू जांभया देत मांडण्यांमधून फिरत होता. मग हसून म्हणाला, "एवढे देव येऊन बसल्यान, न् आवतान कोनी दिलाच नाय."

आवतण म्हणजे आमंत्रण. तुम्हाला धवला माहीत आहे का? आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला गातात. तो गाते धवलारीण. भटजी असो नसो, तिच्यावाचून लग्न पुढे सरकत नाही. एकेका देवाला नावाने हाक मारायची, मांडवाला या म्हणायचं. संथ लांबवलेली ओळ, ताल नाही, घाई नाही. धवला बायकांचा. पुरुष गात नाहीत. गायलाच कुणी, तर गाव महिनाभर त्याला साडी नेसवून हसेल. आणि दिगूची आई त्यांच्या सगळ्या पट्ट्यातली मोठी धवलारीण होती.

दिगूने गंमत म्हणून तोंड उघडलं. आईची नक्कल करत, बायकी बारीक आवाज काढून. पहिली ओळ मस्करीतच गेली. दुसऱ्या ओळीला मधली रांग हुंकारली. दिगू थांबला नाही. मला वाटतं, त्याला थांबता आलं नसावं. डोळे मिटून तो एकेका देवाला हाक मारत गेला, आणि प्रत्येक हाकेला कुठली ना कुठली रांग ओ देत गेली — डावीकडून, उजवीकडून, वरून छपराजवळून. माझ्या कानांवर हेडफोन होते, ते सगळं माझ्या डोक्याच्या आत चाललं होतं. भिंती लांब जातात म्हणून मी काकांना सांगत फिरायचो ना? त्या दिवशी खरंच गेल्या. मी रडत होतो, आणि रडतोय हे मला नंतर कळलं. आयुष्यात एवढं मोठं काही मी पुन्हा ऐकलेलं नाही.

त्याचं गाणं संपलं. गुंज बराच वेळ विरत राहिली. मी लॅपटॉपकडे पाहिलं. लाल ठिपका चालू होता. माझ्या मघाच्या गाण्यापासून रेकॉर्डिंग बंदच केलेलं नव्हतं. सगळं आलं होतं.

दिगू लाजून हसला आणि म्हणाला, "घेतलंस का रं?"

मी म्हणालो, "नाही रे. मशीन बंद होतं."

बस. एवढंच. विचार करून बोललो असतो तर निदान तसं सांगता आलं असतं. तोंडातून आपसूक गेलं. पण आपसूक गेलं म्हणजे ते आत तयारच होतं ना? गायक मी होतो. मंगळवारमागून मंगळवार मी त्या दारावर डोकं आपटत होतो, आणि हा रात्रपाळीचा माणूस जांभई देता देता आत जाऊन आला होता.

दिगू म्हणाला, "बरं जालं. गावात कलला असता तं जीव घेतला असता लोकांनी." आणि हसला. मी इथेच थांबू शकलो असतो. वर्षानुवर्षं मी स्वतःला एवढीच गोष्ट सांगत आलो, की त्यालाही ते नकोच होतं. पण ते पुरतं खरं नाही. हसून झाल्यावर तो थोडा वेळ ढोलकीच्या दोऱ्या ओढत बसला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "परत म्हनू?"

ते दोन शब्द तुम्ही ऐकायला हवे होते. मोठ्या माणसाला असं काही मागताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

मी म्हणालो, "राहू दे. लाइट यायची वेळ झाली."

चारू परत आली तेव्हा काकांचा नकार घेऊनच आली. दुसऱ्या दिवशी माल रंगाला गेला. पुढच्या मंगळवारी शेडमध्ये नवीन ओल्या मूर्ती होत्या, मुक्या. त्या वाळल्यावर मी ते गाणं गायलो — दिगूची ती वळणं चोरून, माझे शब्द घालून. खोली थोडी हुंकारली. लोकांना तेवढंही पुष्कळ झालं. सीडी निघाली, मग इंटरनेटवर गेली, आणि कुठकुठल्या अनोळखी लोकांनी पत्रं लिहिली, की मागचा तो आवाज कुठल्या वाद्याचा आहे, आणि ही चाल तुम्हाला सुचली कशी? सीडीवर चालीखाली नाव माझं होतं. दिगूने ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाला, "जमला रं तुला." वळणं त्याने ओळखली नाहीत का? ओळखली असणार. बोलला नाही. तो पुन्हा कधी गायलाही नाही. आमच्यासमोर नाही, आणि घरीही नाही, हे त्याच्या बायकोकडून कळलं.

मग जे होतं ते झालं. चारू लग्न होऊन नाशिकला गेली, माझी नोकरी, दिगूच्या शिफ्टी. बँड भांडून मोडला नाही, नुसता विरला. ती फाइल मात्र मी जपली. नवा कॉम्प्युटर घेतला की पहिल्यांदा ती त्यावर घालायची. वर्षातून एकदा, घरी कुणी नसताना, ऐकायची. दरवेळी तेच, भिंती जातात, डोळे भरतात. ज्या माणसाकडून ते चोरलं त्याच्यापुढे मी दरवेळी मनातल्या मनात हात जोडतो. असा भक्त कधी पाहिलाय का तुम्ही?

अलीकडे दिगूची आई गेली. आणि यंदा त्याच्या मुलीचं — तेव्हाच्या त्या तान्ह्या पोरीचं — लग्न ठरलं. दिगूचा फोन आला. आमंत्रण दिलं आणि मग जरा घुटमळून म्हणाला, "तू तवा सगला टेप करीत फिरायचास. खारीतले बेडूक, भरतीचा पानी. आयेचा कायतरी असंल ना रं तुज्याकडं? पोरीच्या हलदीला तिचा धवला पायजे होता. आता तसा म्हननारी कोन हाय?"

त्याच्या आईचं माझ्याकडे काहीच नव्हतं. बेडूक होते.

मी ठरवलं, सांगून टाकायचं. फाइल फोनमध्ये घेतली आणि त्याच्या घरी गेलो. दिगू आता सुटलाय, केस पांढरे झालेत, यंत्रांच्या आवाजात वर्षं काढून जरा कमी ऐकू येतं. बायको मुलीला घेऊन आत तांदूळ निवडत बसली होती. मी म्हणालो, आधी हे ऐक, मग सांगतो.

आवाज पुरता वाढवून फोन त्याच्या कानाशी धरला. पहिली मस्करीची ओळ गेली. दुसरी आली, मूर्तींचा हुंकार आला, आणि दिगूचा चेहरा बदलला. त्याने माझं मनगट घट्ट पकडलं.

"आय," तो म्हणाला. "ही आय हाय."

आतून त्याची बायको उठून आली. तीही ऐकत राहिली आणि मुलीला म्हणाली, "ऐक गो, आजी गातेय तुजी." स्वतःचा आवाज स्वतःला कुठे ओळखू येतो? त्यात पंचविशीतला, आईसारखा बारीक काढलेला. दिगू रडत होता आणि विचारत होता, कधी घेतलंस रं, मना कसा ठाव नाय? माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. दिगू, हा तू आहेस. पाच शब्दही नव्हते त्यात धड. पण ते म्हटलं की पुढचं सगळं म्हणावं लागणार होतं.

मी म्हणालो, "हो. आईच. तुमच्याकडे आलो होतो एकदा, तेव्हा घेतलं. तू शिफ्टला होतास."

आता एक गोष्ट राहिली, जी मी वर सांगितली नाही. मूळ फाइल गाण्याशी संपत नाही. गुंज विरल्यावर त्यात दिगूचं "घेतलंस का रं?" आहे. त्यावर माझं उत्तर आहे. "परत म्हनू?" आहे, आणि त्यावरचंही उत्तर आहे. माझ्या आवाजात, स्वच्छ. मशीन बंद होतं, हे मी मशीनलाच सांगतोय. त्याच्या घरी जायच्या आदल्या दिवशी फोनमध्ये घेतलेल्या प्रतीतून तो शेवट मी कापून टाकला होता. मग मी कबूल करायला गेलो होतो, असं कुठल्या तोंडाने म्हणू? कबूल करायला जाणारा माणूस पुरावा कापून नेतो का?

हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकर लावला होता. पोरीला पाटावर बसवलं आणि दिगूने खूण केली. धवला सुरू झाला. मांडवातली कुजबूज थांबली, पोरं थांबली. दोन म्हाताऱ्या धवलारणी होत्या, त्यांनी आधी नुसतं ऐकलं, मग डोळे मिटून त्या आवाजात आपला आवाज मिसळला. मागे शेकडो मूर्ती हुंकारत होत्या, तो कसला आवाज ते कुणीच विचारलं नाही. एवढ्या माणसांत भिंती लांब गेलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. संपल्यावर एक म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "अशी म्हननारी बाय आता परत व्हनार नाय."

खूण करून दिगू तिथे थांबला नव्हता. पोरीचा बाप, त्याला कुठली उसंत. तो पलीकडे पंगतीत वाढायला गेला होता. मीही जाऊन बसलो. भाताचं पातेलं घेऊन तो माझ्या पानाशी आला, वाकला, आणि मी नको नको म्हणत असतानाही त्याने दुप्पट वाढलं. म्हणाला, "खा रं. तुज्यामुलं आय मांडवात आली."

मी जेवलो. पान स्वच्छ केलं.